गोळी सुरू करण्याआधी दंडाला पट्टा का बांधायचा?

१३ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, 'ओपिल' नावाची गर्भनिरोधक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी त्या देशात चिठ्ठीशिवाय मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. बातमी जगभर गाजली, पण तिच्यातला एक तपशील फारसा चर्चेत आला नाही. जगात सर्वांत जास्त घेतल्या जाणाऱ्या प्रकारातली ही गोळी नव्हती. ब्रिटनने २०२१ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला ज्या गोळीला मोकळीक दिली, तीही याच कमी वापरल्या जाणाऱ्या जातीची.

मग नेहमीची, ओळखीची गोळी मागे का राहिली? कारण ती देण्याआधी बाईबद्दल काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात आणि त्यातली एक विचारून कळत नाही, मोजावीच लागते. ती म्हणजे रक्तदाब. गर्भनिरोधक गोळीने वजन वाढतं का, पुढे मूल व्हायला अडचण येते का, हे प्रश्न बायका नेहमी विचारतात. रक्तदाबाबद्दल विचारणाऱ्या फार थोड्या. खरं तर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे, आणि त्याचं उत्तर मिळायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

गोळ्या दोन जातींच्या

बाईच्या शरीरात पाळीचं चक्र चालवणारे मुख्य हार्मोन दोन: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी जी औषधं प्रयोगशाळेत तयार होतात त्यांना प्रोजेस्टोजेन म्हणतात. एका जातीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असतात. तिला आपण संयुक्त गोळी म्हणू. 'गर्भनिरोधक गोळी' म्हटल्यावर बहुतेकींच्या डोळ्यांसमोर येते ती हीच. दुसऱ्या जातीत फक्त प्रोजेस्टोजेन असतं. ओपिल या दुसऱ्या जातीतली.

गर्भ राहू न देण्याचं बरंचसं काम प्रोजेस्टोजेन करतं. इस्ट्रोजेन त्याला हातभार लावतं आणि मुख्य म्हणजे रक्तस्राव वेळच्या वेळी, आटोपशीर ठेवतं. संयुक्त गोळी घेणारीला महिन्याचा अंदाज बांधता येतो तो त्यामुळे. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र लक्ष ठेवायचं ते या इस्ट्रोजेनवरच.

रक्तदाब, थोडक्यात

हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. १२०/८० म्हणजे छान, आणि पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्यापुढे येत असेल तर उच्च रक्तदाब, असं जगातल्या बहुतेक मार्गदर्शक सूचना मानतात. (अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही रेघ १३०/८० वर आणली.)

नळीतला दाब दोन कारणांनी वाढतो. नळी आवळली तर, किंवा तेवढ्याच नळीत पाणी जास्त सोडलं तर. शरीराकडे हे दोन्ही करणारी एक यंत्रणा आहे आणि गोळीतलं इस्ट्रोजेन नेमकं तिलाच हात घालतं.

यकृताचं कापड, मूत्रपिंडाची कात्री

समजा, यकृत हे कापड विणणारं घर आहे. एका खास प्रथिनाचा तागा ते सतत विणत असतं आणि रक्तात सोडत असतं. या प्रथिनाचं नाव अँजिओटेन्सिनोजेन. नाव विसरलात तरी चालेल, तागा लक्षात ठेवा. नुसता तागा निरुपद्रवी असतो. रक्तात फिरत राहतो, दाबावर त्याचा काही परिणाम होत नाही.

कात्री असते मूत्रपिंडाकडे. तिचं नाव रेनिन. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून तो दुसऱ्या सशांना टोचला, तर त्यांचा रक्तदाब चढला. त्या अर्कातल्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. रक्तदाब घसरला, शरीरातलं मीठपाणी कमी झालं, की मूत्रपिंड रेनिन सोडतं. ही कात्री ताग्याचा एक तुकडा कापते, त्या तुकड्यावर दुसरं एक विकर आणखी एक कात्री चालवतं, आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२. आता हा तुकडा निरुपद्रवी राहिलेला नसतो. तो रक्तवाहिन्या आवळतो. शिवाय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप देतो, त्या अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडतात आणि मूत्रपिंड मीठ बाहेर टाकायचं कमी करतं. मीठ राहिलं की पाणीही राहतं. नळी आवळली, पाणीही वाढलं. जखमेतून खूप रक्त गेलं किंवा जुलाबांनी शरीर कोरडं पडलं, तर याच यंत्रणेमुळे जीव तगतो.

संयुक्त गोळीतलं इस्ट्रोजेन यकृताला ताग्याचं उत्पादन वाढवायला लावतं. कात्री तेवढीच असली तरी तिच्यासमोर कापड जास्त आलं की तुकडेही जास्त पडतात. मूळ गोष्ट एवढीच आहे.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लॅराघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा जोडून दाखवला. गोळी घेणाऱ्या काही बायकांचा रक्तदाब वाढला होता. त्यांच्या या रेनिनच्या साखळीची तपासणी त्यांनी केली आणि गोळी बंद केल्यावर काय होतं तेही पाहिलं. पहिली गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत मंजूर झाली १९६० मध्ये. म्हणजे लाखो बायका ती घेऊ लागल्यानंतर काही वर्षांनी हे कळलं. मला ही गोष्ट अस्वस्थ करते. त्या पहिल्या गोळीत मेस्ट्रानॉल नावाचं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. शरीरात त्याचं रूपांतर आजच्या गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये होतं, आणि हिशेब केला तर ती मात्रा आजच्या गोळीच्या तीन-चार पट भरते. आज बहुतेक संयुक्त गोळ्यांमध्ये एथिनिल इस्ट्रॅडिऑल २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं.

पण इस्ट्रोजेन तर शरीरातही असतंच ना?

असतं, आणि हा प्रश्न अगदी रास्त आहे. अंडाशयातून येणारं नैसर्गिक इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांना एरवी सैलच ठेवतं. रजोनिवृत्तीपूर्वी बायकांचा रक्तदाब साधारणपणे त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा कमी असतो. मग गोळीतलं इस्ट्रोजेन उलटं का वागतं?

गोळी पोटात जाते, आतड्यातून शोषली जाते आणि तिथलं रक्त सगळ्यात आधी यकृतात पोचतं. नैसर्गिक इस्ट्रॅडिऑल असं गिळलं तर यकृत त्याचा बराचसा भाग तिथल्या तिथे मोडून टाकतं, म्हणून ते गोळी म्हणून फारसं उपयोगी पडत नव्हतं. १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूला एक छोटीशी शेपटी जोडली, एथिनिल गट. आता यकृताला तो रेणू सहज मोडता येईना. गोळीने घ्यायचं इस्ट्रोजेन मिळालं. पण जे यकृताला मोडता येत नाही ते यकृतातून पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि दर फेरीला तागा वाढवायला सांगत राहतं. अंडाशयातलं इस्ट्रोजेन थेट रक्तात सुटतं, यकृतावर त्याचा असा मारा होत नाही.

रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्यांनी इथे एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे सहसा इस्ट्रॅडिऑलसारखं नैसर्गिक रूप, तेही कमी मात्रेत दिलं जातं. त्वचेवाटे घेतलं तर यकृतावरचा भार आणखी कमी होतो. त्यामुळे या लेखातलं सगळं तसंच्या तसं त्या उपचारांना लावू नका.

मग सगळ्याच जणींचं बीपी का चढत नाही?

कारण शरीर गप्प बसून राहत नाही. कापड वाढलंय हे लक्षात आल्यासारखं मूत्रपिंड कात्र्या कमी करतं. रेनिन कमी सोडतं आणि तोल पुष्कळसा सावरतो. बहुतेक जणींमध्ये उरते ती काही अंकांची वाढ. ११२ चे ११६ झाले तर बाईला कळतही नाही आणि त्याने बिघडतही नाही.

काही जणींमध्ये मात्र हा तोल नीट सांभाळला जात नाही. आईवडिलांना उच्च रक्तदाब आहे, वजन जास्त आहे, वय पस्तिशीपुढे गेलंय, गरोदरपणात बीपी वाढलं होतं, अशांना शक्यता अधिक. तरी यातलं काहीही नसलेल्या पंचविशीतल्या मुलीचं बीपी चढणार नाही, असं चेहरा पाहून कुणी सांगू शकत नाही. म्हणून सगळ्यांचंच मोजायचं.

किती जणींचं वाढतं?

अमेरिकेत परिचारिकांवर झालेला एक मोठा अभ्यास आहे, नर्सेस हेल्थ स्टडीचा दुसरा टप्पा. २५ ते ४२ वयाच्या, सुरुवातीला उच्च रक्तदाब नसलेल्या ६८,००० हून जास्त बायकांवर चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. निष्कर्ष १९९६ मध्ये आले. कधीच गोळी न घेतलेल्यांच्या तुलनेत त्या वेळी गोळी घेत असलेल्यांना उच्च रक्तदाब होण्याची शक्यता १.८ पट होती.

१.८ पट हा आकडा बातमीत छापला तर धडकी भरते. पण 'पट' हा शब्द एकटा कधीच पुरा पडत नाही. कशाच्या किती पट? तरुण बायकांमध्ये उच्च रक्तदाब मुळात कमी असतो, आणि कमीची पावणेदोन पट फार मोठी होत नाही. त्याच अभ्यासाचा दुसरा हिशेब असा: १०,००० बायकांनी वर्षभर गोळी घेतली तर केवळ गोळीमुळे वाढलेल्या उच्च रक्तदाबाच्या केसेस साधारण ४१. म्हणजे सुमारे अडीचशे जणींमध्ये एक. गोळी सोडल्यावर ही शक्यता झपाट्याने खाली आली.

अडीचशेत एक म्हणजे घाबरण्याइतकं नाही. पण आपण ती एक आहोत की नाही, हे कळायला हवं. उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. मोजला नाही तर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

'माझं बीपी तर कायम लो असतं'

हे मी अनेकींकडून ऐकलंय. थकवा आला, चक्कर आली की आपण 'बीपी लो झालं' म्हणून मोकळे होतो. न मोजताच. शाळा-कॉलेजात कधीतरी १००/७० आलं होतं, तेव्हापासून तीच ओळख धरून ठेवलेली असते. गोळी सुरू करण्याआधी हवा तो आजचा आकडा. आणि खरोखरच १००/७० आलं तरी तो लिहून ठेवण्यात मोठा फायदा आहे. सहा महिन्यांनी १३२/८६ आलं तर एरवी 'ठीक आहे' म्हणून सोडून दिलं जाईल, पण आधीचा आकडा शेजारी असला की बत्तीस अंकांची उडी दिसते.

'मी गर्भनिरोधक म्हणून घेतच नाही, पाळीसाठी घेते'

पाळी अनियमित आहे, पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा तोल बिघडण्याचा विकार) आहे, तोंडावर मुरुम येतात, पाळीत पोट फार दुखतं, अशा कितीतरी कारणांसाठी तीच संयुक्त गोळी दिली जाते. डॉक्टर 'हार्मोनची गोळी' म्हणतात, घरी 'पाळीची गोळी' म्हणतात, आणि घेणाऱ्या मुलीला आपण गर्भनिरोधक गोळी घेतोय हे माहीतही नसतं. यकृताला मात्र कारणाशी देणंघेणं नाही. आत इस्ट्रोजेन आहे ना, मग तागा वाढणारच.

इथे दुहेरी काळजी लागते. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण मुळातच जास्त असतं. आणि पाळीच्या दुखण्यावर घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात, रक्तदाब चढवतात. महिन्यातून एखादा दिवस घेतली तर सहसा काही होत नाही, पण रोजची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाते ती नॉरएथिस्टेरॉन. प्रवास आहे, परीक्षा आहे, म्हणून दिवसातून तीनदा काही दिवस घ्यायची. कागदावर ही फक्त प्रोजेस्टोजेन. पण शरीरात तिचा थोडा अंश एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो आणि एवढ्या मोठ्या मात्रेत तो अंश नगण्य राहत नाही. आठवडाभराच्या वापराने निरोगी बाईने धास्तावून जायचं कारण नाही. पण जिचं बीपी खूप जास्त आहे किंवा जिला पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, तिने ही गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नये.

पट्टी, रिंग, इंजेक्शन, इम्प्लांट, तांबी

जागतिक आरोग्य संघटनेने कुणाला कोणतं साधन योग्य याची एक चौकट तयार केली आहे आणि तिच्यात चार श्रेणी आहेत. १ म्हणजे खुशाल वापरा. २ म्हणजे फायदा तोट्यापेक्षा जास्त. ३ म्हणजे तोटा सहसा जास्त, दुसरं काही मिळत नसेल तरच विचार करा. ४ म्हणजे वापरूच नका.

संयुक्त गोळीचं या चौकटीत असं आहे: वरचा आकडा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल तर श्रेणी ३. १६०/१०० किंवा त्याहून जास्त असेल तर ४. उच्च रक्तदाब आहे पण औषधांनी ताब्यात आहे, तरी ३. फक्त गरोदरपणात वाढला होता आणि आता नॉर्मल आहे, तर २.

त्वचेवर लावायची संयुक्त पट्टी आणि योनीत ठेवायची रिंग यांनाही हेच नियम लागू. 'पोटातून जात नाही म्हणजे यकृत सुटलं' असं वाटणं स्वाभाविक आहे, पण या नेहमीच्या पट्टीत आणि रिंगमध्येही तेच एथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. वाट कोणतीही असो, ते फिरत फिरत यकृताकडे येतंच.

फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीचं, दंडात बसवायच्या इम्प्लांटचं आणि हार्मोन सोडणाऱ्या गर्भाशयातल्या साधनाचं चित्र वेगळं आहे. १४० ते १५९ च्या पट्ट्यातही ही साधनं श्रेणी १ मध्ये, आणि १६० च्या पुढे श्रेणी २ मध्ये. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन जरा कडक नियमात आहे, अनुक्रमे २ आणि ३. इंजेक्शन एकदा दिलं की त्रास झाला तरी तीन महिने काढून घेता येत नाही, हे त्यातलं एक कारण. तांबी म्हणजे कॉपर-टी. तिच्यात हार्मोनच नाही, त्यामुळे रक्तदाब कितीही असो, श्रेणी १.

एका प्रोजेस्टोजेनचं नाव वेगळं घ्यायला हवं, ड्रोस्पायरेनोन. स्पायरोनोलॅक्टोन हे लघवी वाढवून बीपी उतरवणारं जुनं औषध, त्याचा हा नातलग. तो अल्डोस्टेरॉनला अडवतो, त्यामुळे मीठपाणी साठणं कमी होतं. म्हणून ही गोळी 'बीपीला चांगली' अशी तिची ख्याती झाली. पण संयुक्त गोळीत त्याच्या सोबत इस्ट्रोजेन असतंच, रक्त गोठण्याचा धोकाही असतोच, आणि या औषधाने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर ही वाढ धोक्याची ठरते.

'बीपीची गोळी सुरू करते आणि हीपण चालू ठेवते'

हा मार्ग सोपा वाटतो. आग लावणारं आणि विझवणारं, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायचं. गोळीनेच चढलेला रक्तदाब उतरवायला आयुष्यात आणखी एक औषध घ्यायचं, तर आधी गोळी बदलून पाहिलेलं बरं नाही का? संयुक्त गोळी थांबवली की रक्तदाब बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत मूळ जागी येतो. नाही आला, तर तो गोळीने झालेला नव्हता किंवा गोळीने फक्त लपलेला प्रकार उघड केला, असं समजून पुढचा तपास करतात.

शिवाय काळजी फक्त आकड्याची नाही. इस्ट्रोजेन रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढवतं. उच्च रक्तदाबाने धमन्यांच्या भिंती दुखावलेल्या, त्यात गोठायला टपलेलं रक्त, म्हणून उच्च रक्तदाब असताना संयुक्त गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका यांचं प्रमाण, तसाच रक्तदाब असूनही गोळी न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळतं. सिगारेट ओढणाऱ्या, पस्तिशीपुढच्या बायकांना संयुक्त गोळी न देण्यामागेही हेच. दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी असतील तर थेट श्रेणी ४. डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येऊन मग अर्धशिशी उठत असेल, तरीही ४.

'एवढं सगळं असेल तर गोळी बंदच केलेली बरी'

इथे मला हात जोडून सांगावंसं वाटतं: आज हे वाचून उद्या सकाळी गोळी फेकून देऊ नका.

संयुक्त गोळीचा खरा गंभीर धोका म्हणजे शिरेत गुठळी होणं. एफडीएचे आकडे असे: गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०. आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांच्या काळात हाच दर ४० ते ६५ वर जातो. गोळीची तुलना आपण 'काहीच न घेण्याशी' करतो. पण जिला मूल नको आहे आणि जिने गोळी अचानक सोडली, तिच्यासमोर गर्भ राहण्याची शक्यता उभी राहते, आणि गोळीशी तुलना करायची तर तिच्याशीही करायला हवी.

उच्च रक्तदाब असलेल्या बाईला तर हे दुप्पट लागू. नियोजन न करता राहिलेला गर्भ तिच्यासाठी इतरांपेक्षा जास्त जोखमीचा. तिच्या बीपीच्या औषधांत एसीई इनहिबिटर किंवा सार्टन गटातली गोळी असेल, तर ती गर्भाला अपाय करते. म्हणजे जिला संयुक्त गोळी चालत नाही, तिलाच भरवशाच्या गर्भनिरोधकाची सगळ्यात जास्त गरज आहे. 'तुमचं बीपी वाढलंय, गोळी बंद करा' एवढंच सांगून तिला घरी पाठवणं हा अर्धवट सल्ला आहे. 'त्याऐवजी काय?' हा प्रश्न तिने त्याच खुर्चीत बसून विचारला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनाही याच तारतम्याने बोलते. संयुक्त गोळीआधी बीपी मोजावंच, असं ती सांगते. पण जिथे गरोदरपणातली जोखीम मोठी आहे आणि साधनं मोजकीच मिळतात, तिथे केवळ बीपी मोजण्याची सोय नाही म्हणून बाईला गोळी नाकारू नये, असंही सांगते.

मोजायचं कसं

घाईत मोजलेलं बीपी दोन्ही बाजूंनी फसवतं. जिने चढून धापा टाकत आलात आणि लगेच पट्टा बांधला, तर जो आकडा येईल तो जिन्याचा. अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसा. दंड हृदयाच्या पातळीवर, टेबलावर टेकवलेला. पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर. मोजताना बोलू नका, समोरची व्यक्ती बोलत असेल तर तिलाही थांबवा. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. दंड भरलेला असेल तर मोठा पट्टा मागायला लाजू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहा.

गोळी सुरू करण्याआधी एकदा, सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी एकदा, पुढे निदान वर्षातून एकदा. वाढ बहुधा सुरुवातीच्या महिन्यांत दिसते, पण वर्षभर नीट गेलं म्हणून मोजणं सोडू नये. वय वाढतं, वजन बदलतं आणि पाच वर्षांपूर्वी योग्य असलेली गोळी तशीच चालू राहते.

आकडा जास्त आला तर

एकदा १४६/९२ आलं म्हणून निदान होत नाही. काहींचं बीपी दवाखान्यात पाऊल टाकताच चढतं. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा आणि ते कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. तोवर गोळी चालू ठेवायची की नाही हे त्याच दिवशी फोन करून विचारा. सरासरी खरंच जास्त निघाली तर संयुक्त गोळीऐवजी प्रोजेस्टोजेनची गोळी, इम्प्लांट किंवा तांबी, यातलं काय जमेल ते ठरवता येतं.

१६०/१०० किंवा वर आलं तर आठवडाभर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि आकडा काहीही असो, संयुक्त गोळी चालू असताना कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, छातीत दुखलं किंवा दम लागला, अचानक दिसेनासं झालं, बोलताना जीभ अडखळली, अंगाची एक बाजू लुळी पडली, पोटात असह्य कळ उठली किंवा एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली, तर थेट रुग्णालय गाठा आणि पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की मी इस्ट्रोजेनची गोळी घेते. तिचं पाकीट सोबत न्या. गोळी थांबवायला सांगितली तर नवं साधन सुरू होऊन लागू पडेपर्यंतच्या दिवसांसाठी कंडोम घरात आहे ना, ते त्याच संध्याकाळी पाहा.